आवाजाची मोजदाद

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, केळापूर, मारेगांव, झरी जामणी या तालुक्यांत, रानाच्या कडेनें कोलामांच्या वस्त्या आहेत. त्या वस्तीला पोड म्हणतात. पोडावरील माणसाला मराठी चांगली येते. आठवड्याच्या बाजारांत तो मराठींतच भाव करतो. पण घरीं चुलीपाशीं, लेकराला निजवतांना किंवा देवापुढें उभें राहतांना जी भाषा त्याच्या तोंडीं येते, ती कोलामी. ही मराठीची पोटभाषा नव्हे. ती द्राविड कुळांतली असून गोंडी आणि तेलुगू या तिच्या नात्यांतल्या. सन २०११ च्या जनगणनेंत कोलामी भाषकांची संख्या सुमारें १ लाख २८ हजार भरली. या भाषेला स्वतःची जुनी लिपि नाहीं, जुने ग्रंथ नाहींत. तिच्या कथा, तिचीं गाणीं, झाडपाल्याचें ज्ञान, नात्यागोत्यांच्या आठवणी हें सारें माणसांच्या कंठांत आहे. एखादी म्हातारी गेली कीं तिच्या ओठांवरचा पाठहि तिच्याबरोबर जातो.

अशा एखाद्या म्हातारीपुढें आज तिचा नातू ध्वनिमुद्रणाची लहानशी पेटी ठेवतो. ती गाते, पेटीवरला आंकडा पुढें सरकत राहतो, आणि घटकाभरानें तिचा आवाज अंकांच्या रूपानें सांठून राहतो. हे अंक खरे उतरले तर तिच्या पणतीला पुढें तोच आवाज ऐकतां येईल. खोटे उतरले तर मात्र कितीहि हुशार माणूस आला तरी त्याला त्यांतून मूळ आवाज काढतां येणार नाहीं. आणि पुन्हां गाऊन घ्यावें म्हटलें तर तो कंठ तेव्हां नसेल. ध्वनिग्राहकाची तार आणि अंकांचें कोठार यांच्या मधल्या उंबरठ्यावर बोटाच्या नखाहून लहान अशी एक चिप बसलेली असते. लाटेचे अंक करण्याचें काम तिचें. इंग्रजींत तिला ॲनालॉग-टु-डिजिटल कन्व्हर्टर म्हणतात. तिची काम करण्याची युक्ति प्रथमदर्शनीं अगदीं उलटी वाटते, आणि विचार केल्यावर घरच्या हिशेबाइतकी सरळ ठरते.

कोलामी टिपून ठेवण्याचे प्रयत्न जुने आहेत. सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीचा चौथा खंड १९०६ सालीं निघाला; त्यांत या भाषेची दखल घेतलेली आहे. पुढें मरे एमेनो हे भाषापंडित १९३५ ते १९३८ या काळांत भारतांत होते. त्यांनीं शेजारच्या वर्धा जिल्ह्यांतील कोलामी ऐकून टिपली आणि १९५५ सालीं तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कानानें ऐकलेला वर्ण अशा रीतीनें कागदावर अक्षर होऊन उतरतो. पण बोलणाराचा स्वर, त्याचा श्वास, शब्दाच्या अखेरीचा हेलकावा हीं कागदावर येत नाहींत. योगायोग असा कीं, एमेनो भारतांत होते त्याच सुमारास पॅरिस येथें काम करणारे ॲलेक रीव्हज नांवाचे इंग्रज इंजिनियर प्रत्यक्ष ध्वनीलाच लेखी रूप देण्याची कल्पना मांडीत होते. आवाजाची लाट ठराविक अंतरानें मोजावी आणि लाटेऐवजीं तिच्या मापांचे अंकच तारेवरून पाठवावे, अशी ती कल्पना. १९३८ सालीं त्यांनीं फ्रान्समध्यें तिच्या पेटंटासाठीं अर्ज केला. त्या काळच्या काचेच्या व्हॉल्व्हांनीं ती व्यवहारांत आणणें परवडण्यासारखें नव्हतें; परंतु आजचें सर्व अंकीय ध्वनिमुद्रण त्याच बीजापासून वाढलेलें आहे.

या मोजणींत दोन ठिकाणीं काटछाट होते. पहिली वेळेची. लाट अखंड असते; मोजणारा मात्र क्षणाक्षणानें तिच्याकडे पाहतो. दुसरी उंचीची. लाटेची उंची कोणतीहि असूं शकते. मोजणाराच्या पट्टीवर ठराविकच रेघा असतात, आणि दोन रेघांच्या मध्यें आलेलें माप जवळच्या रेघेवर ढकलावें लागतें. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठीं सेकंदाला ४४,१०० मापें आणि प्रत्येक मापाला १६ बिट, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या, असें प्रमाण ठरलें. मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारें २०,००० आंदोलनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो. ज्या ध्वनीचीं आंदोलनें मोजावयाचीं त्याच्या दुपटीहून अधिक वेळां माप घेतलें तर मापांवरून लाट जशीच्या तशी उभी करतां येते, असा सिद्धांत आहे; हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन यांचीं नांवें त्याच्याशीं जोडलेलीं आहेत. २०,००० ची दुप्पट ४०,०००. तेव्हां ४४,१०० हा आंकडा पुरेसा वाटतो.

पण या सिद्धांताला एक अट आहे, आणि सारी अडचण त्या अटींत आहे. मोजणीच्या निम्म्या वेगाहून, म्हणजे २२,०५० आंदोलनांहून, वरचा कोणताहि ध्वनि मोजणाऱ्यापर्यंत पोंचतां कामा नये. तो पोंचला तर वायां जात नाहीं. वेष पालटून खालीं येतो. सेकंदाला ३०,००० आंदोलनांचा ध्वनि ४४,१०० च्या वेगानें मोजला तर अंकांत तो १४,१०० आंदोलनांचा म्हणून नोंदला जातो. टिपेश्वरच्या रानालगत रात्रीं कोणी गाणें मुद्रित करीत असला तर भोवतीं किड्यांची किरकिर चालूच असते. आणि रातकिड्यांच्या भाईबंदांपैकीं कांहींचे स्वर मनुष्याच्या कानाच्या कक्षेपलीकडचे असतात. गाणाऱ्याला ते ऐकूं येत नाहींत, मुद्रण करणारालाहि येत नाहींत. पण ध्वनिग्राहकानें ते पकडले आणि उंबरठ्यावर त्यांना कोणी अडविलें नाहीं, तर ते खोट्या स्वराच्या रूपानें गाण्यांत मिसळतात. एकदां मिसळल्यावर खरा कोणता आणि बहुरूपी कोणता, हें अंकांवरून सांगतां येत नाहीं.

जुन्या पद्धतीच्या चिपांपुढें म्हणून कडक पहारा बसवावा लागे. २०,००० आंदोलनांपर्यंतचा ध्वनि बिनबोभाट आंत सोडावयाचा आणि २२,०५० च्या वरचा जवळजवळ पूर्णपणें अडवावयाचा, अशी तेथल्या विद्युत्-गाळणीला आज्ञा असे. इतक्या थोड्या अंतरांत इतका तीव्र उतार आणावयाचा म्हणजे पुष्कळ भागांची लांब सांखळी लागे. तिचे भाग उष्णतेनें आणि वयानें किंचित् बदलत, आणि अशी तीव्र गाळणी वरच्या स्वरांना वेळेच्या दृष्टीनें मागेंपुढें करी. दुसरी अडचण पट्टीची. ६५,५३६ पायऱ्या सारख्या अंतरावर पाडावयाच्या, तर चिपेंतील सर्वांत मोठा भाग सर्वांत लहान भागाशीं हजारों पटींच्या अचूकतेनें जुळावा लागतो. सोनाराच्या तराजूंतलें मोठें वजन गुंजेच्या अंशानेंहि चुकून चालूं नये, तसाच हा प्रकार. असे भाग तपासून, कांहीं वेळां लेसरनें कोरून, नेमके करावे लागत. म्हणून त्या चिपा महाग पडत.

यावर इंजिनियरांनीं काढलेला तोडगा असा : पट्टी बारीक करण्याच्या खटपटीला लागूंच नये. ती जाडीभरडी असूं द्यावी, अगदीं दोनच रेघांची असली तरी चालेल. मात्र मोजणी अतिशय वेगानें करावी. सेकंदाला ४४,१०० ऐवजीं त्याच्या ६४ पट, म्हणजे २८,२२,४०० वेळां मोजावें. गरजेहून पुष्कळ अधिक वेळां मापें घेण्याच्या या रीतीला ओव्हरसँपलिंग असें नांव आहे. मराठींत तिला अतिमोजणी म्हणतां येईल.

अतिमोजणीचा पहिला लाभ पहाऱ्याच्या बाबतींत होतो. मोजणीचा वेग २८ लाखांवर गेला कीं, श्राव्य कक्षेंत वेष पालटून शिरूं शकणारा ध्वनि २८ लाख आंदोलनांच्या आसपासचाच असावा लागतो. त्याला अडविण्यासाठीं उंच तटाची गरज नाहीं. साधें कुंपण पुरतें, आणि तें दोनचार स्वस्त भागांत उभें राहतें. किड्याचा ३०,००० आंदोलनांचा स्वर आंत येतो खरा, पण ३०,००० चाच म्हणून येतो. त्याला वेष पालटतां येत नाहीं, आणि पुढें अंकांच्या गाळणींत त्याला निवांतपणें वेगळें काढतां येतें.

दुसरा लाभ पट्टीच्या जाडेपणाच्या बाबतींत आहे. पण तो नुसत्या वेगानें पदरांत पडत नाहीं. अनेक ढोबळ मापांची सरासरी एका मापाहून अधिक खरी असते, हें शाळेंतल्या मुलालाहि ठाऊक आहे. परंतु हा फायदा फार सावकाश वाढतो. मोजणी चौपट केली तर एका बिटाची भर पडते. एका बिटाच्या पट्टीवरून १६ बिटांची अचूकता याच वाटेनें गांठावयाची, तर ही चौपट पंधरा वेळां करावी लागेल. म्हणजे मोजणी १०७ कोटींहून अधिक पटींनीं वाढवावी लागेल. असें यंत्र व्यवहारांत होणें नाहीं. येथें जी युक्ति कामास आली ती हिशेबाची आहे.

ती युक्ति वणीच्या किंवा पांढरकवड्याच्या कोणत्याहि दुकानदाराला समजावून सांगावी लागणार नाहीं. समजा, एका गिऱ्हाइकाकडे रोज ३७ पैशांचा माल जातो आणि दोघांपाशीं रुपयाखेरीज दुसरें नाणें नाहीं. दुकानदार रोजचा हिशेब रोज मिटवूं लागला, तर ३७ पैसे हे रुपयापेक्षां शून्याला जवळ, म्हणून तो रोज कांहींच घेणार नाहीं. शंभर दिवसांनीं त्याचे ३७ रुपये बुडालेले असतील. शहाणा दुकानदार तसें करीत नाहीं. तो बाकी पुढें ओढतो. पहिल्या दिवशीं ३७, दुसऱ्या दिवशीं ७४, तिसऱ्या दिवशीं १११ पैसे झाले कीं एक रुपया घेतो आणि ११ पैसे पुढच्या दिवसाच्या नांवें मांडतो. मग सहाव्या दिवशीं एक रुपया, नवव्या दिवशीं एक, अकराव्या दिवशीं एक. शंभर दिवस भरले कीं बरोबर ३७ रुपये जमा होतात आणि बाकी शून्य राहते. कोणत्याहि एका दिवसाचा व्यवहार पाहिला तर तो चुकलेलाच दिसतो, कारण ३७ पैशांच्या मालाला कधीं शून्य घेतलें, कधीं रुपया. महिन्यांचा व्यवहार पाहिला तर चूक जवळजवळ दिसतच नाहीं. ती नाहींशी झालेली नसते. रोजच्या चढउतारांत ती राहिलेली असते, आणि दीर्घ हिशेब निर्मळ राहतो.

चिपेंत हेंच घडतें. येणाऱ्या लाटेची उंची म्हणजे मालाची किंमत. ती विजेच्या भाराच्या रूपानें सांठत जाते. सांठा ठराविक पातळीपलीकडे गेला कीं तुलना करणारा भाग १ लिहितो आणि तेवढा भार वजा करतो. गेला नाहीं तर ० लिहितो. उरलेली बाकी पुढच्या मापांत जाते. लाट चढली कीं एकांची दाटी होते, उतरली कीं शून्यांची. दर मापागणिक होणारी चूक अतिशय जलद चढउतारांत राहते, म्हणजे श्राव्य स्वरांहून फार वरच्या आंदोलनांत ढकलली जाते. आणि खालीं, जेथें मनुष्याचा आवाज असतो तेथें, हिशेब स्वच्छ राहतो. फरक काढणें आणि बेरीज करीत जाणें या दोन क्रियांवरून या पद्धतीला डेल्टा-सिग्मा असें नांव पडलें. गणितांत डेल्टा हें फरकाचें आणि सिग्मा हें बेरजेचें चिन्ह आहे. अशी एकवार बाकी ओढली तर मोजणीच्या प्रत्येक दुपटीला दीड बिटाचा लाभ होतो. बाकीचीहि बाकी ओढली, म्हणजे असे दोन टप्पे ठेवले, तर अडीच बिटांचा. टप्पे याहून वाढवीत गेल्यानेंच १०७ कोटी पटींच्या जागीं ६४ पटींवर काम भागतें.

शेवटचें काम निवडण्याचें. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. तेथें हें समजण्यास जिनिंगकडे बोट दाखविलें कीं पुरे. वेंचलेल्या कापसांत रुई आणि सरकी एकत्र असतात; जिनांत त्या वेगळ्या होतात. त्याप्रमाणें एक आणि शून्य यांच्या त्या अतिजलद प्रवाहांत खालीं खरा ध्वनि आणि वर चुकांचा कोलाहल असा दोहोंचा माल असतो. चिपेंतीलच अंकगणिती गाळणी वरचा भाग काढून टाकते आणि सेकंदाला ४४,१००, ४८,००० किंवा ९६,००० अशीं भरींव मापें हातीं देते. ही गाळणी निव्वळ बेरजा आणि गुणाकार यांची असल्यामुळें हवेनुसार तिचें उत्तर बदलत नाहीं. यवतमाळच्या मे महिन्यांतल्या उन्हांतहि ती जानेवारींतल्यासारखाच निवाडा करते.

ही कल्पना एका दिवसांत किंवा एका देशांत जन्मली नाहीं. चूक पुढें ओढण्याची युक्ति अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या सी. सी. कटलर यांनीं १९५४ सालीं पेटंटासाठीं मांडली. १९६२ सालीं टोकियो विद्यापीठांतील इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनीं डेल्टा-सिग्मा या नांवानें तिची मांडणी केली. तेव्हां संगीत त्यांच्या डोळ्यांपुढें नव्हतें. दूरच्या ठिकाणचीं मापें तारेनें किंवा बिनतारी कळविणें हा त्यांचा हेतु होता. अंकगणिती गाळणीला लागणारे हजारों सूक्ष्म भाग एका चिपेवर स्वस्तांत बसूं लागेपर्यंत या कल्पनेला वाट पाहावी लागली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ६४ पट वेगानें मोजून १६ बिटांचीं मापें देणाऱ्या चिपा ध्वनिमुद्रणासाठीं बाजारांत आल्या. आणि आज खिशांतल्या मोबाइलपासून मोठ्या स्टुडिओपर्यंत बहुतेक ठिकाणीं हीच रीत चालते.

पोडावरच्या मुद्रणाला याचा उपयोग कसा होतो, हें एका उदाहरणावरून दिसेल. म्हातारीचा आवाज क्षीण, आणि मधेंच शेजारीं ढोल कडाडतो. ढोलाच्या धक्क्यानें पट्टीचें टोक ओलांडलें जाऊं नये म्हणून मुद्रण करणारा सगळीच पातळी खालीं ठेवतो. क्षीण स्वर टोकापासून ४८ डेसिबल खालीं राहिला, तर ८ बिट खर्ची पडतात. १६ बिटांच्या पट्टींत मग त्याच्या वांट्याला २५६ पायऱ्या उरतात. चिपेवर २४ बिट असें लिहिलेलें असलें, तरी उष्णतेनें होणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या हालचालीमुळें उत्तम चिपेचीहि खरी अचूकता वीस-एकवीस बिटांच्या आसपास थांबते. २० च धरले तरी त्याच क्षीण स्वराला २५६ च्या जागीं ४,०९६ पायऱ्या मिळतात. भाषेच्या अभ्यासाला हें अंतर थोडें नव्हे. दंत्य त आणि मूर्धन्य ट यांतला भेद जिभेच्या स्पर्शाच्या वेळच्या कांहीं सहस्रांश सेकंदांत दडलेला असतो, आणि कोलामींत हे दोन्ही वर्ण आहेत.

तथापि चिपेची सत्ता उंबरठ्यापुरतीच. वाऱ्याचा सोसाटा, पत्र्याच्या छपराखालचा घुमारा, फार दूर ठेवलेला ध्वनिग्राहक हे दोष ती इमानानें जसेच्या तसे लिहून ठेवते. आणि तिनें खरें लिहिलेलें पुष्कळदां माणूसच पुढें खोडतो. मोबाइलमधल्या कित्येक योजना लहानमोठा आवाज आपोआप एका पातळीवर आणतात, मागचें वाद्य गोंगाट समजून दाबतात, आणि संदेशांतून धाडतांना अंकांचा भार कमी व्हावा म्हणून नाजूक भाग गाळतात. ऐकणाराला त्या वेळीं फारसें उणें वाटत नाहीं. पण गाळलेला भाग परत येत नाहीं. इयासा या आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रह संघटनेनें २००९ च्या आपल्या मार्गदर्शनांत, जतन करावयाच्या मुद्रणासाठीं सेकंदाला निदान ४८,००० मापें आणि २४ बिट असावे, असें सांगितलें आहे. या प्रमाणानें एका तासाच्या एकपदरी मुद्रणाला सुमारें ५२ कोटी बाइट लागतात. ३२ गिगाबाइटच्या एका कार्डावर असे साठ तास सहज मावतात. तेव्हां जागेची काटकसर करण्यासाठीं आवाज गाळण्याचें कारण उरलेलें नाहीं. मूळ मुद्रण न गाळतां ठेवावें, त्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं असाव्या, आणि मुद्रणाच्या आरंभींच गाणाऱ्याचें नांव, पोड आणि तारीख तोंडानें उच्चारलेली असावी. एवढें त्या नातवाच्या हातचें आहे.

मोठ्या संख्यांच्या हिशेबांत लहान आंकडा शून्याला जवळ म्हणून सोडून देण्याची माणसाची संवय जुनी आहे. कोट्यवधि भाषकांच्या देशांत सव्वा लाखाची भाषा अशीच सुटून जाऊं शकते. चिपेच्या अंगीं असलेला गुण एवढाच कीं, जी बाकी हातांत उरली ती ती टाकीत नाहीं. पुढच्या मापांत धरते. त्या एका नियमावर दोन रेघांची जाडी पट्टी म्हातारीच्या श्वासापर्यंत पोंचते. म्हातारीला या नियमाची खबर नसते. तिचें गाणें संपतें, नातू कळ दाबतो, आणि आंकडा थांबतो. त्या क्षणापर्यंत जें खरें उतरलें, तेवढेंच तिच्या पणतीच्या वांट्याला येणार असतें.